तुलनेसाठी लावलेली बाटली

१

बटाट्याच्या फोडीला चीर द्यायची, चिरेत काडी बसवायची, डाव्या हाताच्या बोटांत फोड घट्ट धरायची आणि वस्तरा आपल्या बाजूला ओढायचा. एका दमात, मध्ये न थांबता. पडलेल्या चकत्यांतली सगळ्यांत पातळ चकती ब्रशच्या टोकानं उचलायची आणि वॉच ग्लासमधल्या, म्हणजे काचेच्या उथळ बशीतल्या पाण्यात सोडायची. वनस्पतीचं अंतरंग बघायचं तर सुरुवात इथूनच. नीलांबरी खिस्तींनी हे इतक्या वर्षांत इतक्या मुलांना सांगितलं होतं, की आताशा सांगताना त्यांचं लक्ष खिडकीबाहेर असे.

त्या साली तर बोलायचाही कंटाळा आला होता. बहात्तरचा पावसाळा नुसता नावाला होऊन गेला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले नळ दिवाळीपासून कोरडे होते आणि सहादेव शिपाई कुठून तरी रोज एक बादली पैदा करी. तीत सगळ्या वर्गानं भागवायचं. निम्मी मुलं खडी फोडायच्या कामावर गेली होती. उरलेली मुलं प्रॅक्टिकल संपल्यावर बटाट्यांचं काय करतात, हे बाई विचारत नसत. स्वतः बाई पहाटेपासून टँकरच्या रांगेत उभ्या राहून यायच्या आणि दुपारी त्यांचे पाय भरून यायचे. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, एवढाच काय तो आराम.

अशा एका दुपारी बेलापूरचे पुंजाराम दारात येऊन उभे राहिले. मोसंबीचे बागाईतदार. मागं त्यांच्या बागेत झाडांच्या खोडातून डिंक गळायला लागला होता, तेव्हा बाईंनी साल तासून, आत बघून इलाज सांगितला होता आणि बाग वाचली होती. तेव्हापासून बाईंवर त्यांची श्रद्धा.

"रामराम बाई. येक काडी आनलीय. तुमच्या दुर्बिनीत बघा."

वर्तमानपत्राच्या घडीतून त्यांनी मोसंबीची डहाळी काढली. पानं टवटवीत होती. बाईंनी बऱ्याच दिवसांत असा हिरवा रंग बघितला नव्हता.

"हिला पाणी कुठलं देता?"

"पानी? घरात प्यायाला न्हाई, झाडाला कुठलं देनार?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. मोसंबीला बहार धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत थांबायचं आणि मग पाणी सोडायचं, की झाड फुलांनी भरून येतं. पुंजारामांनी थंडीत ताण दिला आणि त्यानंतर पाटाच्या पाण्याची पाळी आलीच नाही. विहिरीनं तळ दाखवला. सगळ्या बागेचं सरपण झालं. घराच्या मागच्या भिंतीला लागून असलेलं एकच झाड मात्र हिरवं राहिलं.

"कलमाला जंबेरीची रोपं जतन करून ठिवलीत, माठातलं पानी घालून. ह्या झाडाचे डोळे काढून त्यांच्यावर भरले, तर पुन्हा बाग उभी ऱ्हाईल. पर त्याच्यात येगळं काय हाय, ते तुमी सांगा. नुसत्या आशेवर इतकी वर्सं घालवायची माझी उमर न्हाई आता."

बाईंनी काडी ठेवून घेतली. नाही म्हणायलाही जोर लागतो.

२

वर्ग गेल्यावर त्यांनी डहाळीचे सेक्शन, म्हणजे पातळ छेद, कापले. साल, सालीखालचा ओला हिरवट थर, त्याच्या आत लाकूड आणि लाकडात पाणी चढवणाऱ्या नळ्यांची तोंडं. जे जिथं असायला हवं ते तिथंच होतं. चार चकत्या त्यांनी कोरड्या वॉच ग्लासमध्ये काढून ठेवल्या, वरून ग्लिसरिनचा थेंब टाकायला विसरल्या आणि घरी गेल्या. ही चूक त्या कधी करत नसत. असे सेक्शन उघडे राहिले की बघता बघता सुकतात आणि कांद्याच्या सालीसारखे गुंडाळतात.

सकाळी ते पाण्यात तरंगत होते.

"सहादेव, ह्यात पाणी तू घातलंस?"

"बाई, प्यायचा माठ पालथा हाय. काचंत कुठून घालू?"

बाईंनी ते पाणी ओतलं, काच पदरानं पुसली, चकत्या टिपकागदानं टिपून पुन्हा तिच्यात ठेवल्या आणि कपाटात बंद केल्या. मधल्या सुट्टीत कपाट उघडलं तर काच काठोकाठ भरली होती. हवेत दमटपणा असेल, असं त्यांना आधी वाटलं. पण हवेत दमटपणा असता तर साऱ्या गावाचे ओठ फुटले नसते.

म्हणून त्यांनी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मुलांना दाखवायचा प्रयोग केला. इओसिन हा रंग घातलेल्या लाल पाण्याच्या बाटलीत डहाळी उभी केली. डहाळी पाणी ओढते, लाल रंग नळ्यांतून वर चढतो, पानांच्या शिरा लालसर होतात आणि बाटलीतली पातळी उतरते. संध्याकाळी बघितलं तर पानं हिरवीच होती. पातळी वर आली होती आणि लाल पाण्याचा फिका गुलाबी रंग झाला होता.

डहाळी पाणी ओढत नव्हती, सोडत होती. मुळांच्या दाबानं रस बाहेर येतो, हे खरं. पण मुळं असतील तर. तोडलेल्या डहाळीला मूळ कुठलं? बाईंना भीती नाही वाटली. चिडचिड झाली. इतक्या थकलेल्या माणसासमोर असलं काही येऊ नये, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी बाटली मोरीत ओतली आणि हात पुसले.

३

शनिवारी त्या एसटीनं बेलापूरला गेल्या. बाग बघवत नव्हती. ओळीच्या ओळी काळ्या फांद्या आणि जमिनीला पाऊल जाईल एवढ्या भेगा. घर साधं, मातीच्या भिंतींचं, वर पत्रे. मागं गेलं की ते झाड. भिंतीला अगदी चिकटून उभं. बुंध्याशी माती पिठासारखी कोरडी होती आणि वर पानं तुकतुकीत. सावलीत गेल्यावर गार वाटलं.

पुंजारामांच्या मालकीण, राहीबाई, कोरा चहा घेऊन आल्या. त्यांना बाईंचं येणं पसंत नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही.

"झाड कशाला बघायचं? हिरवं हाय तर असू द्या की."

"बघू दे गं," पुंजाराम म्हणाले. "आपल्याच कामाचं हाय."

पण बाईमाणूस दारी आलंय, तर आत बोलवायला हवं. राहीबाई त्यांना माजघराच्या मागच्या खोलीत घेऊन गेल्या. पुंजाराम उंबऱ्याबाहेरच थांबले. तिथं त्यांची सून चांगुणा होती आणि सून बाळंतीण झाल्यापासून सासऱ्यानं त्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं. तिचा नवरा मच्छिंद्र गुरं घेऊन छावणीवर गेला होता. बाळंतपणात चांगुणाला ताप चढला, तालुक्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि घरी आणून तिला ह्या मागच्या भिंतीशी निजवलं. ही गार भिंत, म्हणून. मग ताप उतरला, एवढंच राहीबाईंनी सांगितलं.

खोलीत अंधार होता. घोटघोट पाणी प्यायल्यासारखा, दमानं, पुन्हा पुन्हा येणारा एक आवाज होता. बाळ पितंय, असं बाईंनी धरलं. डोळे सरावल्यावर त्यांना दिसलं, की बाळ झोळीत झोपलेलं आहे.

चांगुणा भिंतीला टेकून बसली होती. वीस-बावीसची पोर. चेहरा ओलसर, टवटवीत. साऱ्या तालुक्यात न उललेले ओठ बाईंनी पहिल्यांदाच बघितले.

"बरी आहेस ना?"

"बरी हाय."

"पाणी भरपूर पितेस ना? अंगावर पाजतेस, पाणी जास्त लागतं."

चांगुणानं सासूकडे बघितलं.

"तिला लागत न्हाई," राहीबाई म्हणाल्या.

खोलीत एकही भांडं नव्हतं. तांब्यासुद्धा नाही. बाईंच्या मनात जे आलं, ते कुणाच्याही मनात आलं असतं. टंचाईत सासू सुनेचं पाणी तोडते आहे आणि पोर घाबरून गप्प आहे. चार शब्द सुनवावेत असं त्यांना वाटलं. पण मग भांडण, मग पुंजारामांची समजूत, मग पुन्हा एसटी. आपण झाडासाठी आलोय, असं स्वतःला बजावून त्या उठल्या. निघताना चांगुणा त्यांच्या पाया पडायला उठली नाही. भिंतीवरून पाठही तिनं हलवली नाही. अशक्त असेल, बाई म्हणाल्या, मनातल्या मनात.

४

पुढच्या शनिवारी बाई वस्तरा आणि रुंद तोंडाच्या बाटल्यांत लाल पाणी घेऊन गेल्या, तेव्हा पुंजारामांनी झाड आणि भिंत ह्यांच्यामध्ये चर खणून ठेवला होता. राहीबाई टँकरच्या रांगेत गेल्या होत्या. त्या नसतानाच पुंजारामांनी टिकाव घेतला असावा.

"हे बघा बाई. सगळी मुळं वाळून कोळ झाल्यात. येवढं येकच जितं हाय."

मनगटाएवढं जाड मूळ सरळ घराकडे गेलं होतं आणि भिंतीच्या पायाखाली शिरलं होतं. पुंजारामांचे डोळे चमकत होते. घराखाली जुना बुजलेला आड असणार, आजा म्हणायचा तसं. झाडाला तिथंच पाणी लागलं असणार. तसं असेल तर खोली पाडून आड उकरायची त्यांची तयारी होती. बाईंनाही ते पटलं. अखेर एक सरळ उत्तर मिळत होतं. डहाळीचं कोडं नंतर बघता येईल.

"मूळ कापावं लागेल," त्या म्हणाल्या. "झाडाकडच्या टोकाला लाल पाण्याची बाटली बांधायची. झाड घराखालून पाणी ओढत असेल, तर आता बाटलीतलं ओढेल."

"आन दुसऱ्या टोकाला?"

"त्यालाही तशीच बांधायची. तुलनेसाठी. तिकडे पानं नाहीत, ओढणारं कुणी नाही. ती बाटली जशीच्या तशी राहायला हवी."

प्रयोग म्हटला की तुलना हवी. मुलांनी ती गाळली तर बाई निम्मे गुण कापत.

पुंजारामांनी छाटणीची करवत दिली. बाई चरात उतरल्या. लाकूड ओलं होतं आणि करवत सहज चालली. भिंतीपलीकडून तो घोटांचा आवाज येत होता. शेवटचा हात मारला, मूळ तुटलं, आणि आवाज थांबला. आवाज थांबला हे बाईंना जरा उशिरा कळलं, सवयीचं घड्याळ बंद पडल्यावर कळतं तसं.

दोन्ही टोकं त्यांनी वस्त्र्यानं तासली, मधला तुकडा कापून बाटल्या मावतील एवढी जागा केली, बाटल्या बांधल्या आणि वर येऊन गोठ्याच्या सावलीत बसल्या. आत बाळ रडायला लागलं.

५

बाळ बराच वेळ रडलं. मग त्याला घेतलं असावं, कारण ते गप्प झालं. पुन्हा रडलं.

"आईजवळ असूनबी रडतंय," पुंजाराम अस्वस्थ होऊन म्हणाले. "कदी रडत न्हाई असं." उंबऱ्यापर्यंत जाऊन त्यांनी हाक मारली. चांगुणानं ओ दिली नाही. ते आत गेले नाहीत आणि परत येऊन बसले. ह्या घरात सासरा आत जात नव्हता, त्याला इलाज नव्हता.

बाई बाटल्या बघायला उठल्या.

झाडाकडची बाटली भरून वाहत होती. रंग पार धुऊन गेला होता आणि मुळाच्या टोकातून स्वच्छ पाणी थेंबथेंब चरात पडत होतं. माती ते शोषून घेत होती.

घराकडची बाटली रिकामी होती. आतून नुसती लालसर.

बाई चरात उभ्या राहिल्या. बाटली फुटली असेल. बांधताना सांडली असेल. त्यांनी खाली माती चाचपली; कोरडी. बाटली उन्हाकडे धरली, धड. त्यांनी दुसरी भरलेली बाटली त्या टोकाला लावली. लाल पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेलं, थांबत थांबत, एकेक घोट घेतल्यासारखं.

म्हणजे झाड घराखालून काही घेतच नव्हतं. वॉच ग्लासनं हे सांगितलं होतं, डहाळीनं सांगितलं होतं. झाड देत होतं. आणि ज्याला देत होतं त्याच्यापासून बाईंनी ते तोडलं होतं. असलं कुणी मुलानं लिहिलं असतं तर त्यांनी तांबड्या शाईनं काट मारली असती. पण त्यांचे पाय आपोआप घराकडे निघाले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या विषयाची भीती वाटली.

६

चांगुणा तिथंच होती. पण ओठ उलले होते आणि गालांची हाडं वर आली होती. मागच्या शनिवारी बघितलेली टवटवी कुठंच उरली नव्हती. बाळ मांडीवर होतं. ते तोंड उघडून रडत होतं. तोंडाच्या कडा गुलाबी होत्या. दुपट्यावर सांडलेलं दूधही गुलाबी होतं.

"पानी," चांगुणा म्हणाली.

बाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून आपली बाटली काढली, त्यांच्या दिवसभराचं पाणी, आणि तिच्या तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून खाली आलं. तिला गिळता येईना. बाईंनी तिला मानेखाली हात घालून पुढं घेतलं.

भिंत ओली होती, माणसाच्या पाठीएवढी. मातीच्या लिंपणातून पांढऱ्या, केसाहून बारीक मुळ्या बाहेर आल्या होत्या आणि ताणल्या गेल्या होत्या. दुसरी टोकं चोळीच्या आत गेली होती. बाईंनी तिला हळूच पुन्हा मागं टेकवलं. ह्यापुढं बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि बघितलंही नाही.

दारात राहीबाई उभ्या होत्या. डोक्यावर हंडा तसाच. त्या ओरडल्या नाहीत.

"कापलं?"

"हो."

"मला इचारायचं हुतं." त्यांनी हंडा उतरवला. बोलणं संथ होतं, फार दमलेल्या माणसाचं असतं तसं. "जोडता येतंय का तुमाला?"

७

जोडता येतं. सालीखालचा तो ओला हिरवट थर एकाचा दुसऱ्याच्या थराला टेकला पाहिजे, मध्ये हवा राहता कामा नये, आणि बांधणी घट्ट हवी. मग दोन्हीकडच्या पेशी वाढतात, एकमेकींत जातात, नळ्यांना नळ्या मिळतात. कलमाचं सगळं शास्त्र एवढंच आहे आणि बाई ते दरवर्षी शिकवत.

पण मुळाचा तुकडा काढल्यामुळं मध्ये जागा उरली होती. बाईंनी झाडाची एक कोवळी फांदी तोडली, पुन्हा चरात उतरून बाटल्या सोडल्या, फांदीची दोन्ही टोकं वस्त्र्यानं तिरकी कापली आणि पुलासारखी मध्ये बसवायला घेतली. घाई होती. वस्तरा सरकला आणि अंगठ्याखालचा तळवा चांगलाच चिरला. नव्या मुलांच्या हातून होतं, तसंच. मध्ये फांदी बसवून बाईंनी पदराची पट्टी फाडली, पण बांधायला दोन हात लागतात आणि एका हातानं फांदी जागेवर दाबून धरायलाच हवी होती. आत बाळाचं रडणं बारीक होत चाललं होतं. त्यांनी चिरलेला हात तसाच जोडावर आवळला.

भिंतीपलीकडे एक घोट गेला. मग दुसरा.

बाळ रडायचं थांबलं. पुंजारामांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विचारलं, "सांधलं का बाई? आता डोळे भरायला हरकत न्हाई?"

राहीबाई आत जाऊन आल्या. "पितीया," त्या म्हणाल्या. "तोंडावर कळा आली."

बाईंनी हात सैल करून बघितला. फांदी नीट बसली होती, सांध्यात फट नव्हती. पण हात सैल होताच घोट थांबले आणि आत चांगुणा कण्हली. बाईंनी पुन्हा आवळला. तळव्यातून रक्त यायला हवं होतं, ते येत नव्हतं. जखम ओढ लागल्यासारखी मुळाला चिकटली होती. दुखत नव्हती. नुसती तहान लागली होती, आणि ती वाढत होती.

राहीबाईंनी गोठ्यातून पोतं आणलं, चार पदरी घडी केली आणि चरातच, बाईंच्या पाठीमागं घातली. त्यांच्या वागण्यात राग नव्हता. बाईंच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी एक गोणपाटही झाडाच्या फांदीला बांधलं.

"बसा बाई. उभ्यानं किती वेळ धरनार?"

बाई बसल्या. खरं तर बसल्यावर बरं वाटलं.

"जोड धरायाला किती दीस लागत्यात हो?" राहीबाईंनी विचारलं.

नीलांबरीबाईंना ते पाठ होतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण जीभ टाळ्याला चिकटली होती आणि शब्द फुटला नाही. भिंतीपलीकडे चांगुणा दमानं पीत होती.